दोहाहून पहाटे मुंबईत, नागपूरचं विमान संध्याकाळी: मधल्या तेरा तासांचं काय करायचं?

पत्राचा सारांश: ‘आम्ही दोहात राहतो. जुलैत मी, नवरा आणि सहा वर्षांचा मुलगा नागपूरला येतोय. दोहाचं विमान पहाटे 5.10 ला मुंबईत उतरतं आणि नागपूरचं विमान संध्याकाळी 6.05 चं आहे. दोन्ही तिकिटं वेगवेगळ्या कंपन्यांची, स्वतंत्र काढलेली. तीन मोठ्या बॅगा मिळून 70 किलो सामान आहे. नवरा म्हणतो, विमानतळावरच बाकड्यावर पडून राहू, उगाच खर्च नको. डोंबिवलीची मावशी म्हणते, सरळ घरी जेवायला या. मला वाटतं, मुलाला थोडी मुंबई दाखवावी. कुणाचं ऐकू?’

उत्तर:

ताई, थोडं तुमचं आणि थोडं मावशींचं ऐका. यजमानांचा बेत मात्र मुंबईत जमणारा नाही. तिथून सुरुवात करू, कारण हा गैरसमज बऱ्याच जणांचा असतो.

दोहा किंवा सिंगापूरला एका विमानातून उतरून दुसऱ्यात बसायचं असेल तर माणूस आतल्या आतच राहतो. खुर्च्या, दुकानं, लाउंज सगळं हाताशी असतं. तुमचं तसं होणार नाही. मुंबईत तुम्ही इमिग्रेशन कराल, पट्ट्यावरून बॅगा घ्याल, कस्टममधून बाहेर पडाल आणि थेट आगमनाच्या दाराबाहेर याल. तिथे बसायला जागा कमी आणि झोपायला तर नाहीच. पुन्हा आत जायचं तर प्रस्थानाच्या दारावर सीआयएसएफचा, म्हणजे विमानतळाच्या सुरक्षा दलाचा, जवान तिकीट आणि ओळखपत्र बघतो, आणि विमानाला अकरा तास असताना आत सोडेलच याचा भरवसा नाही. समजा सोडलं, तरी बॅगा घ्यायला कंपनीचा काउंटर इतक्या लवकर तयार नसतो. बॅगा दिल्याशिवाय सुरक्षा तपासणीला जाता येत नाही, आणि बऱ्या खुर्च्या, लाउंज, मुलांच्या खेळायच्या जागा सगळ्या तपासणीच्या पलीकडे आहेत. म्हणजे 70 किलोंची ढकलगाडी धरून चेक-इनच्या हॉलमध्ये दिवस काढायचा. सोबत सहा वर्षांचं, रात्रभर नीट न झोपलेलं मूल. हे करू नका.

आता आज, हे वाचून होताच करायचं एक काम. नागपूरच्या तिकिटावर मुंबईचा तीन अक्षरी कोड बघा. ‘बीओएम’ असेल तर आपलं नेहमीचं विमानतळ. ‘एनएमआय’ असेल तर ते नवी मुंबईचं. 25 डिसेंबर 2025 पासून तिथूनही विमानं उडतात, आणि तिकिटांच्या ॲपमध्ये दोन्ही ‘मुंबई’ या एकाच नावाखाली दिसतात. स्वतंत्र तिकिटं काढणाऱ्यांची इथे हमखास गल्लत होते. तुमच्याकडे वेळ भरपूर असल्यामुळे नवी मुंबई निघालं तरी विमान चुकणार नाही, पण मग खाली सांगितलेला सगळा बेत बदलेल. सामानासकट अख्खं शहर ओलांडून जावं लागेल.

कोड ‘बीओएम’ असेल तर टर्मिनल बघा. दोहाचं विमान टी-2 ला, म्हणजे सहारला उतरेल. नागपूरचं टी-2 वरून असू शकतं किंवा टी-1 वरून, म्हणजे सांताक्रूझच्या बाजूने. दोन्हींत रस्त्याने चार-पाच किलोमीटर अंतर आहे, पण संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये त्यालाही अर्धा-पाऊण तास लागू शकतो. कंपन्या टर्मिनल बदलतात, म्हणून आज बघा आणि निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा बघा.

आता वेळेचा हिशोब. 5.10 ला चाकं टेकली, तरी इमिग्रेशनची रांग आणि बॅगा धरून बाहेर यायला पावणेसात होतात. पहाटे आखाती देशांतून बरीच विमानं एकापाठोपाठ उतरतात, त्यामुळे सात वाजले तरी नवल नाही. दुसऱ्या टोकाला, 6.05 च्या विमानाचा काउंटर बहुतेक कंपन्या तासभर आधी, म्हणजे 5.05 ला बंद करतात. जादा वजनाचे पैसे भरायला वेगळी रांग लागते, म्हणून तुम्ही साडेतीनला टर्मिनलवर असायला हवं. हातात उरतात सात ते साडेतीन, म्हणजे साडेआठ तास. त्यातले निदान चार झोप आणि आंघोळीचे. उरलेल्या साडेचार तासांत जाणं-येणं धरून एकच ठिकाण होतं. दोन ठरवलीत तर दोन्हींची घाई होईल आणि पोरगं रडकुंडीला येईल.

पण या साडेआठ तासांवर खरा ताबा सामानाचा आहे. बॅगांची सोय लागल्याशिवाय तुम्ही कुठेच जाऊ शकत नाही. विमानतळावर सामान ठेवायची सशुल्क सोय असते. त्यासाठी बॅगेला कुलूप हवं, ओळखपत्र आणि तिकीट दाखवावं लागतं आणि पैसे नगाप्रमाणे नि तासांप्रमाणे होतात. तीन मोठ्या बॅगा आठ तास ठेवायच्या तर आकडा बराच मोठा होतो. आमच्या मते तुमच्यासाठी त्याहून चांगला मार्ग म्हणजे विमानतळाजवळ काही तासांसाठी खोली. झोप, आंघोळ आणि सामान, तिन्ही प्रश्न एकाच खर्चात सुटतात. यजमानांना हे असं मांडून दाखवा. एकट्या झोपेसाठी खोली महाग वाटते, पण सामान ठेवायचे पैसे आणि दिवसभराचं बाहेरचं खाणं त्यातून वजा केलं की तेवढी वाटत नाही.

खोली घेताना तीन ठिकाणी फसायला होतं. एक, ‘विमानतळाजवळ’ या शब्दावर जाऊ नका. विलेपार्ले पश्चिमेचं हॉटेलही विमानतळाजवळच असतं, पण ते टी-1 च्या बाजूचं. तुम्हाला सहार, मरोळ किंवा अंधेरी पूर्व हवं. नकाशावर टी-2 पासूनचं अंतर सकाळी सातची वेळ टाकून तपासा. दोन, साधी खोली घेतलीत तर ती दुपारी बारा किंवा दोनला मिळते, आणि सकाळी सातला तुम्ही स्वागतकक्षातल्या सोफ्यावर बसून राहता. तासांवर मिळणारी किंवा ‘डे-यूज’, म्हणजे फक्त दिवसापुरती, खोली घ्या आणि सकाळी सातला ताबा मिळेल हे फोनवर नको, लेखी घ्या. ॲपवर डे-यूजची वेळ पुष्कळदा नऊपासून असते, म्हणून हा निरोप आधीच गेलेला बरा. टर्मिनलमध्येच ट्रान्झिट हॉटेलही आहे. तिथे टॅक्सीचा त्रास वाचतो, दर मात्र चढे असतात. तीन, खोली बाराला सोडल्यावर बॅगा तीनपर्यंत तिथे ठेवू देतील का, हे आधी विचारा. बहुतेक ठिकाणी ठेवून घेतात, पण नगांची पावती मागून घ्या.

नागपूरचं विमान टी-1 वरून असलं तरी खोली टी-2 जवळच घ्या. पहाटे थकलेलं असताना अंतर कमी हवं.

आता मावशी. ताई, डोंबिवलीला जाऊ नका. सहारहून डोंबिवली रस्त्याने जाताना सकाळी जेमतेम दीड तासात होईल, पण परत येताना दुपारचा ठाण्याचा किंवा ऐरोलीचा रस्ता काय करेल हे कुणी सांगू शकत नाही. त्यात जुलै. लोकलने जायचं तर घाटकोपर किंवा दादरला गाडी बदलणं आलं. आणि मावशींकडे पोचल्यावर तासाभरात ‘निघतो’ म्हणणं तुम्हाला जमेल का, ते तुम्हीच ठरवा. त्यापेक्षा मावशींना दादरला बोलवा. डोंबिवलीहून फास्ट लोकल साधारण तासाभरात दादरला येते आणि अकराच्या सुमाराची गाडी बरीच रिकामी असते. तुम्ही भुयारी मेट्रोने या.

ही मेट्रो, म्हणजे अॅक्वा लाइन किंवा मेट्रो 3, आरे ते कफ परेड अशी 33.5 किलोमीटरची आहे आणि ऑक्टोबर 2025 पासून पूर्ण धावते. टी-2 चं स्टेशन टर्मिनलपासून पायी अंतरावर आहे. सहार रोड, टी-1, सांताक्रूझ, बांद्रा कॉलनी, बीकेसी, धारावी, शीतलादेवी आणि मग दादर. वीस-पंचवीस मिनिटांत पोचता. तिकिटं 10 ते 70 रुपयांच्या दरम्यान आहेत. गाड्या सकाळी सहाच्या सुमारास सुरू होतात, रविवारी थोड्या उशिरा, आणि रात्री साडेदहाच्या आसपास थांबतात. तिकीट मोबाइलवर काढणार असाल तर वर रस्त्यावरच काढून ठेवा, कारण भुयारात नेटवर्क जाऊ शकतं. खोली मरोळला मिळाली तर मरोळ नाका स्टेशन सोयीचं, ते टी-2 च्या आधीचंच. फक्त मेट्रो 1 चंही त्याच नावाचं स्टेशन तिथे आहे, खाली उतरताना पाटी बघून घ्या.

दादरचं मेट्रो स्टेशन शिवाजी पार्कच्या अंगाला आहे, ‘आस्वाद’ आणि ‘प्रकाश’ दोन्ही चालत जाण्याजोगी. ‘आस्वाद’ला मिसळ, थालीपीठ, पोटभर जेवण मिळतं. ‘प्रकाश’ला साबुदाणा वडा आणि पियुष. एक ते दोन ही दोन्हीकडे गर्दीची वेळ. मावशींना सव्वाबाराला बोलावून आधी नाव लावायला सांगितलंत तर थांबावं लागणार नाही. जेवण झालं की पाऊस नसेल तर शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर अर्धा तास बसा, मुलाला पळू द्या. सव्वादोनला परतीच्या गाडीत, पावणेतीनला हॉटेलवर, बॅगा घेऊन सव्वातीन-साडेतीनला टर्मिनलवर.

मावशींना काही कारणाने जमलं नाही, तर मुलासाठी वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र. त्याच मेट्रोवर दादरच्या पुढे चार स्टेशनं, नाव ‘सायन्स सेंटर’. सकाळी दहाला उघडतं. सहा वर्षांच्या मुलाला हात लावून, फिरवून, दाबून बघता येतील अशा वस्तू तिथे पुष्कळ आहेत. सिद्धिविनायकही याच मार्गावर, दादरनंतरचं लगेचचं स्टेशन. पण मंगळवार किंवा संकष्टी असेल तर हातात वेळ मोजून असलेल्या माणसाने तिकडे फिरकू नये. मूल सोबत नसतं तर आम्ही सरळ हुतात्मा चौक सांगितला असता. टी-2 पासून मेट्रोने साधारण पाऊण तास, आणि तिथून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, जहांगीर कलादालन, फोर्टातल्या जुन्या इमारती हे सगळं पायी होतं. संग्रहालय सकाळी सव्वादहाला उघडतं.

जुलैचा पाऊस गृहीत धरा. सकाळी खोलीवर पोचलात की हवामान खात्याचा मुंबईचा इशारा बघा. ‘रेड’ असेल तर कुठेही जायचं नाही, मावशींनाही घरीच थांबायला सांगायचं. मध्य रेल्वेवर कुर्ला-सायनदरम्यान रुळांवर पाणी साचलं की डोंबिवलीकडची माणसं तासन्‌तास अडकतात. मेट्रो भुयारी आहे म्हणून ती चालेलच असंही धरू नका. 26 मे 2025 ला आचार्य अत्रे चौक स्टेशनात पाणी शिरलं होतं आणि तिथली सेवा बंद ठेवावी लागली होती. ‘ऑरेंज’ असेल तर दादरच्या पुढे जाऊ नका, आणि परतीला तासभर जादा ठेवा.

आता वजनाचा प्रश्न. तुम्ही तो विचारला नाहीत, पण तुमचा सगळ्यात मोठा खर्च तिथेच दडलाय. दोहाच्या विमानात 70 किलो चालतील. नागपूरचं तिकीट वेगळं असल्याने तिथे देशांतर्गत नियम लागतो: बहुतेक कंपन्यांत माणशी 15 किलो. मुलाची स्वतंत्र सीट आहे, म्हणजे तिघांचे 45. वरच्या 25 किलोंना काउंटरवर किलोला पाचशेचा दर लागला तरी साडेबारा हजार झाले, आणि दर त्याहून जास्तही असू शकतो. हेच वजन कंपनीच्या साइटवर आधी विकत घेतलं तर स्वस्त पडतं. ते 5, 10, 15 किलोंच्या अशा टप्प्यांत मिळतं. तिघांचं तिकीट एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर, असेल तर वजन एकत्र धरतात का, तेही विचारून घ्या. कुठलीही एक बॅग 32 किलोंच्या वर नको, तेवढी जड बॅग घेतच नाहीत. मावशींसाठी आणलेलं खजूर, बदाम, चादरी दादरलाच त्यांच्या हाती द्या. चार-पाच किलो तिथेच उतरतील. फक्त त्या वस्तू वेगळ्या पिशवीत, हाताशी येतील अशा भरा, नाहीतर हॉटेलच्या खोलीत सगळी बॅग उचकावी लागेल.

ड्युटी-फ्रीची बाटली घेणार असाल तर मोठ्या माणसामागे दोन लिटर आणता येते. कस्टममधून बाहेर आल्यावर ती नागपूरच्या चेक-इन बॅगेत जायला हवी, कारण दोहाची बाटली हातात घेऊन गेलात तर सुरक्षा तपासणीत अडवतील. कपड्यांत गुंडाळून बॅगेच्या मध्यभागी ठेवा. पॉवर बँकेचं नेमकं उलटं: ती हातातल्या सामानात, चेक-इनमध्ये चालत नाही. सोन्याचे दागिने असतील तर बिलं हातातल्या पिशवीत ठेवा आणि शंका असेल तर ग्रीन चॅनलमधून न जाता आधी जाहीर करा. परतीच्या प्रवासासाठीही आत्ताच सांगतो: आईने दिलेलं सुकं खोबरं नागपूरला अडवतात. त्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं म्हणून बंदी आहे. मिरचीचं लोणचं हातातल्या सामानात नेऊ देत नाहीत, चेक-इनमध्ये द्या.

विमानतळाचं वायफाय ओटीपीवर चालतं आणि तो भारतीय नंबरवर येतो. तुमच्यापैकी एकाचं भारतीय सिम चालू असेल तर निघण्याआधी रिचार्ज करून ठेवा. नसेल तर विमानतळावर पासपोर्ट दाखवून वायफायचा कोड मिळतो. पैशांचं सोपं आहे: तुमचं एनआरई किंवा एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं, खातं कतारच्या नंबरशी जोडलेलं असेल आणि तुमची बँक ती सोय देत असेल, तर त्याच नंबरवर यूपीआय चालतं. ते दोहातून निघण्याआधीच सुरू करून बघा. पहिल्या टॅक्सीपुरते हजार-दोन हजार रुपये रोख असू द्या. टॅक्सी प्रीपेड काउंटरवरून घ्या किंवा ॲपवरून. दाराशी येऊन ‘कुठे जायचंय साहेब’ म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

क्रेडिट कार्डावरच्या लाउंजवर फार भिस्त ठेवू नका. एक तर तो सुरक्षा तपासणीच्या पलीकडे, म्हणजे तुम्हाला चारनंतरच उपयोगाचा. दुसरं, आता बऱ्याच कार्डांना आधीच्या तिमाहीत ठराविक खर्च केलेला असावा लागतो, आणि परदेशी कार्ड असेल तर देशांतर्गत लाउंज त्यात बसतो का ते बँकेकडूनच कळेल. नागपूरचं विमान टी-2 वरून असेल तर तो शेवटचा तास भिंती बघण्यात जाऊ द्या. राजीव सेठी यांनी मांडलेल्या ‘जय हे’ या संग्रहातल्या हजारो वस्तू टर्मिनलभर लावल्या आहेत. देशभरातून आणलेल्या जुन्या कमानी, झरोके आणि लाकडी मूर्ती तिथे अगदी जवळून, फुकट बघता येतात.

नागपूरचं विमानच लेट झालं तर? इतक्या छोट्या उड्डाणाला दोन तासांच्या वर उशीर झाला की खाणं-पिणं देणं कंपनीवर बंधनकारक आहे. ते न मागता मिळेल असं नाही, काउंटरवर जाऊन मागा. सहा तासांच्या वर गेला तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातलं एक तुम्ही निवडायचं. हॉटेलचा नियम रात्री आठ ते पहाटे तीनदरम्यानच्या विमानांना सहा तासांच्या उशिरावर लागू होतो. तुमचं 6.05 चं असल्याने तुम्हाला तो उशीर 24 तासांच्या वर गेल्यावरच लागेल. म्हणून त्या दिवशी सकाळचं हॉटेल कायम लक्षात ठेवा, फोन नंबर जपून ठेवा. रात्र काढायची वेळ आलीच तर तिथेच फोन करा, ओळखीच्या ठिकाणी खोली लवकर मिळते.